एकाचा आवाज, दुसऱ्याचा हात

मोटारींच्या शर्यतींचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शर्यतीसाठी राखून ठेवलेला एक बंदिस्त मार्ग असतो. त्याची लांबी बहुधा चार-पाच किलोमीटर असते. सर्व चालक एकाच क्षणी सुटतात आणि त्याच मार्गाला पन्नास-साठ फेऱ्या घालतात. तेच वळण पुनःपुन्हा येत असल्यामुळे चालकाला ते तोंडपाठ होते. वेग कोठे आवरावा आणि कोठे वाढवावा, हे त्याच्या हातापायांना वेगळे सांगावे लागत नाही. फॉर्म्युला वन ही या प्रकारातील सर्वांत नावाजलेली स्पर्धा होय.

दुसरा प्रकार रॅलीचा. रॅलीसाठी वेगळा मार्ग बांधलेला नसतो. डोंगरातील नागमोडी रस्ते, रानातील कच्च्या वाटा, द्राक्षमळ्यांमधील अरुंद रस्ते, बर्फाने झाकलेल्या अरण्यवाटा असे नेहमीच्या वापरातील रस्ते काही तासांपुरते इतर वाहनांना बंद करतात आणि त्यांवर ही स्पर्धा घेतात. मोटारी एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात. प्रतिस्पर्धी सहसा पुढेही दिसत नाही आणि मागेही दिसत नाही. तेथे खरी झुंज घड्याळाशी असते. अशा बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला टप्पा असे म्हणतात. जागतिक स्पर्धेतील एका रॅलीत अशा टप्प्यांची एकूण लांबी साधारणपणे ३०० ते ४०० किलोमीटर भरते. सर्व टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी ठरतो.

एक टप्पा संपल्यावर दुसऱ्याकडे जाताना मात्र मोटारींना रहदारीच्या रस्त्यानेच जावे लागते. तेथे वेगाची मर्यादा, लाल दिवा, पोलिसांचे नियम, सर्व काही इतर वाहनांप्रमाणेच पाळावे लागते. पुढच्या नाक्यावर ठरलेल्या मिनिटाला हजर होणे आवश्यक असते. एक मिनिट उशीर झाला, तर एकूण वेळेत १० सेकंद वाढवतात. एक मिनिट आधी पोचले, तर त्याहून मोठी शिक्षा, म्हणजे पूर्ण एका मिनिटाचा दंड होतो! नुसत्या वेगावर रॅली जिंकता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

रॅलीच्या मोटारीत नेहमी दोघे जण बसतात. एक चालक व दुसरा सहचालक. सहचालकाच्या मांडीवर एक वही असते. ही वही म्हणजे रॅलीचा प्राण होय. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जोडीला सर्व टप्प्यांवरून दोन वेळा, तेही मर्यादित वेगाने, मोटार नेऊन रस्ता पाहण्याची मुभा असते. त्या वेळी चालक प्रत्येक वळणाचे वर्णन करतो आणि सहचालक ते खुणांच्या भाषेत टिपून घेतो. दुसऱ्या खेपेस ही टिपणे वाचून, रस्त्याशी ताडून, दुरुस्त करून घेतात. अनेक चालक वळणांना १ ते ६ असे अंक देतात. १ म्हणजे अतिशय आखूड वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळच, असा त्यांचा संकेत असतो. "शंभर मीटर सरळ, चढाच्या माथ्यावर डावे चार, लगेच उजवे दोन, आतल्या बाजूस दगड," अशा थाटाची ती टिपणे असतात.

प्रत्यक्ष स्पर्धेत सहचालक शिरस्त्राणात बसवलेल्या ध्वनियंत्रातून ही टिपणे चालकाला वाचून दाखवतो. मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर तोडते. टेकाडामागचे वळण डोळ्यांना दिसेपर्यंत थांबल्यास गतिरोधक दाबण्यास वेळच उरत नाही. म्हणून वळण दिसण्यापूर्वी त्याचे नाव कानांवर पडावे लागते, आणि ते ऐकताच विचार न करता हात वळावे लागतात. सहचालकाने टिपण अर्धा सेकंद उशिरा वाचले, तरी मोटार झाडावर जाण्याचा संभव असतो. ते फार लवकर वाचले, तर चालकाला त्याचा विसर पडतो. एकाचा आवाज आणि दुसऱ्याचा हात यांचा असा मेळ बसल्यावाचून रॅलीत कोणाचाही निभाव लागत नाही.

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९७३ साली सुरू झाली. वर्षभरात निरनिराळ्या देशांत रॅली होतात आणि त्यांतील क्रमांकांनुसार गुण देण्यात येतात. सर्वांत शक्तिमान मोटारी पहिल्या श्रेणीत असतात. त्या तयार करण्यास अफाट खर्च येतो; म्हणून मोठमोठे कारखानेच त्या बाळगू शकतात. परंतु त्याच रॅलीत, त्याच रस्त्यांवरून, आणखीही पुष्कळ मोटारी धावत असतात. त्यांची शक्ती कमी व खर्चही कमी. त्यांच्यासाठी दुय्यम दर्जाची वेगळी अजिंक्यपद स्पर्धा असते. होतकरू तरुण चालक येथे आपली पात्रता सिद्ध करतात. २०१३ साली या दुय्यम स्पर्धेची नव्याने रचना झाली आणि तिला 'डब्ल्यूआरसी-२' हे नाव मिळाले.

या दुसऱ्या श्रेणीचे नियम समजण्यास सोपे होते. वर्षात एकूण १३ रॅली होत्या. पण स्पर्धकाने त्यांपैकी आपल्या पसंतीच्या सात रॅलींत उतरायचे. श्रेणीत पहिला येणाऱ्यास २५ गुण, दुसऱ्यास १८, तिसऱ्यास १५, आणि याप्रमाणे खाली दहाव्या क्रमांकापर्यंत गुण मिळत. सातांपैकी सर्वोत्तम सहा रॅलींचेच गुण हिशेबात धरत. याचा अर्थ, एखादा दिवस वाईट गेला, तर तो विसरण्याची सोय नियमांतच होती.

या पहिल्या हंगामात दुसऱ्या श्रेणीच्या मोटारीत बसलेला एक चालक मात्र होतकरू नव्हता. पोलंड देशाच्या रॉबर्ट कुबित्साचे नाव त्यापूर्वीच जगभर झालेले होते. १९८४ साली क्राकूव्ह नगरात जन्मलेल्या कुबित्साने २००८ साली कॅनडात फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली होती. त्या स्पर्धेत विजय मिळवणारा तो पहिलाच पोलिश चालक होता. असा मनुष्य दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत का आला? याचे उत्तर २०११ सालच्या एका सकाळी घडलेल्या अपघातात आहे.

कुबित्साला रॅलीचा मोठा नाद होता. फॉर्म्युला वनच्या हंगामातून सवड मिळाली, की तो एखाद्या लहानशा रॅलीत भाग घेई. फेब्रुवारी २०११ च्या आरंभी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे नव्या शर्यती मोटारीची चाचणी झाली, तेव्हा अखेरच्या दिवशी सर्वांत कमी वेळ त्याचाच होता. त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ फेब्रुवारी रोजी, इटलीच्या किनारपट्टीवरील आंदोरा येथील रॅलीत त्याची मोटार रस्त्याकडेच्या पोलादी कठड्यावर आदळली. कठड्याची पट्टी मोटारीत आरपार घुसली. सहचालक याकुब गेर्बर याला सुदैवाने फारशी इजा झाली नाही. कुबित्साचा उजवा हात मात्र कोपराखाली जवळजवळ तुटला, खांद्याची व पायाची हाडे मोडली आणि पुष्कळ रक्त वाहून गेले. पिएत्रा लिगुरे येथील रुग्णालयात शल्यवैद्यांनी सात तास शस्त्रक्रिया करून तो हात वाचवला. पुढे आणखीही शस्त्रक्रिया झाल्या. जानेवारी २०१२ मध्ये, प्रकृती सुधारत असतानाच, तो बर्फावरून घसरला आणि बरा होत आलेला पाय पुन्हा मोडला.

हात वाचला, पण तो पूर्वीसारखा राहिला नाही. मनगट व बोटे यांची शक्ती ओसरली. हात पुरता वळेना. फॉर्म्युला वनच्या मोटारीत चालकाची बैठक अत्यंत चिंचोळी असते. तेथे कोपर हलवण्यासही जागा नसते. सर्व काम मनगटांनी करावे लागते. ज्याचे मनगट वळत नाही, त्याला त्या बैठकीत बसणे त्या काळी अशक्यच होते. रॅलीची मोटार मात्र घरच्या मोटारीसारखी ऐसपैस असते. तीत खांदा व दंड हलवून स्टिअरिंग फिरवता येते. गिअर बदलण्याची योजना डाव्या हाताकडे करून घेतली, की उजव्या हाताचे काम बरेच हलके होते. कुबित्साने हाच मार्ग धरला. सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे अपघातानंतर सुमारे १९ महिन्यांनी, त्याने उत्तर इटलीतील एका छोट्या रॅलीत भाग घेतला आणि ती जिंकली.

यानंतर २०१३ साली सित्रोएन कंपनीच्या दुसऱ्या श्रेणीतील मोटारीतून तो जागतिक स्पर्धेत उतरला. माचेय बारान हा त्याचा सहचालक होता. हात दुखावलेला होता, एवढीच अडचण नव्हती. कुबित्साचे सारे शिक्षण बंदिस्त मार्गावर झाले होते. तेथे तेच वळण त्याला पन्नास वेळा भेटे. येथे हजारो वळणे होती, आणि त्यांची ओळख कागदावरील खुणांतूनच पटवून घ्यायची होती. टिपणे चांगली करता येणे ही वर्षानुवर्षांच्या सरावाने साधणारी विद्या आहे. ज्या वयात इतर रॅलीचालक तिच्यात मुरलेले असतात, त्या वयात, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो तिची मुळाक्षरे गिरवत होता. शिवाय आजवर त्याने बहुतेक सराव डांबरी रस्त्यांवर केला होता, आणि जागतिक रॅलींपैकी निम्म्याहून अधिक तर खडीच्या व मातीच्या रस्त्यांवर होत होत्या.

आरंभ मुळीच सुखाचा झाला नाही. मार्च महिन्यात युरोपीय स्पर्धेतील कॅनरी बेटांच्या रॅलीत तो आघाडीवर असताना त्याची मोटार रस्ता सोडून गेली. एप्रिलमध्ये पोर्तुगालला जागतिक स्पर्धेतील त्याची पहिली रॅली झाली. फिनलंडच्या एसापेक्का लाप्पीने दुसऱ्या श्रेणीत बाजी मारली. कुबित्सा सहावा आला. त्याला आठ गुण मिळाले. फॉर्म्युला वनचा एक विजेता दुय्यम श्रेणीत सहावा आलेला लोकांनी पाहिला.

पुढची रॅली ग्रीसची होती. लुत्राकी हे तिचे ठाणे. ग्रीसची रॅली खडकाळ रस्त्यांमुळे व कडक उन्हामुळे कुप्रसिद्ध आहे. टोकदार दगडांनी टायर फाटतात, धुळीचे लोट उठतात. येथे वेगापेक्षा संयम अधिक उपयोगी पडतो. मोटार कोठे जपावी आणि कोठे सोडावी, हे ज्याला उमगते, तोच शेवटपर्यंत पोचतो. कुबित्सा शेवटपर्यंत पोचला, आणि आपल्या श्रेणीत पहिला आला. जूनमध्येच इटलीच्या सार्डिनिया बेटावरील खडीच्या रस्त्यांवर त्याने दुसरा विजय मिळवला. ज्या रस्त्यांचा सराव नव्हता, नेमक्या त्याच रस्त्यांवर हे दोन विजय मिळाले.

ऑगस्टच्या आरंभी फिनलंडमध्ये रॅली झाली. तेथील अरण्यांतील रस्ते गुळगुळीत, पण उंचवट्यांचे आहेत. मोटारी उंचवट्यावरून हवेत उडतात. चाके जमिनीवर टेकण्यापूर्वीच पुढचे वळण कोणत्या दिशेस आहे, ते चालकाला ठाऊक असावे लागते. कारण हवेतील मोटारीला वळवता येत नाही. येथे टिपणांवर जो पूर्ण विसंबतो, त्याचाच वेग टिकतो. त्या मातीतच वाढलेला यारी केटोमा पहिला आला. कुबित्सा दुसरा आला. हे १८ गुण पुढे महत्त्वाचे ठरले.

त्याच महिन्यात जर्मनीत ट्रिअर नगराच्या परिसरात रॅली झाली. तेथे द्राक्षमळ्यांमधील अरुंद डांबरी रस्ते आहेत आणि सैन्याच्या सरावभूमीवरील रस्ते आहेत. या सरावभूमीवर रस्त्याच्या कडेने मोठमोठे दगड उभे केलेले आहेत. चूक झाली, तर ते दगड क्षमा करत नाहीत. या रॅलीत कुबित्सा आपल्या श्रेणीत तर पहिला आलाच, पण सर्व श्रेणी मिळूनही पाचवा आला. पहिल्या श्रेणीतील अधिक शक्तीच्या काही मोटारी त्याच्या मागे राहिल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या आल्सास प्रांतात चौथा विजय मिळाला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्पेनमधील कातालुन्याची रॅली आली. त्या काळी या एकाच रॅलीत डांबरी व खडीचे असे दोन्ही प्रकारचे रस्ते असत. म्हणून एका प्रकारात निपुण असणाऱ्याचे तेथे भागत नसे. कुबित्साने तीही जिंकली, आणि दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद त्याचे झाले.

त्याच्या गुणांचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे. ग्रीस, सार्डिनिया, जर्मनी, फ्रान्स व स्पेन येथील पाच विजयांचे प्रत्येकी २५, म्हणजे १२५ गुण झाले. फिनलंडचे १८ त्यांत मिळवले, की बेरीज १४३ होते. पोर्तुगालचे आठ गुण सातव्या रॅलीचे म्हणून नियमाप्रमाणे गळले. कतार देशाचा अब्दुलअझीझ अल् कुवारी हा दुसरा आला. सहचालकांसाठीही वेगळी गुणतालिका असते. तीत बारान याला पहिले स्थान मिळाले. रॅलीचा विजय कधीही एकट्याचा नसतो, हे या दुहेरी नोंदीवरून दिसून येते. त्या वर्षाच्या अखेरीस मोटारस्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने कुबित्साला वर्षातील उल्लेखनीय व्यक्ती म्हणून गौरविले.

येथेच ही हकीकत संपली असती, तर ती एखाद्या गोष्टीसारखी गोड वाटली असती. पण खेळाच्या मैदानावर गोष्टी इतक्या सहज संपत नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये वेल्समधील रॅलीत कुबित्साला पहिल्या श्रेणीची मोटार मिळाली. सहचालकही नवा होता. चिखलाने निसरड्या झालेल्या रस्त्यांवर मोटार उलटली आणि त्याला रॅली सोडावी लागली. पुढील वर्षी तो पहिल्या श्रेणीतच खेळला. तेथे त्याच्या वाट्यास अनेक अपघात आले. विजय एकही आला नाही. दुसऱ्या श्रेणीत जे ज्ञान पुरेसे होते, ते पहिल्या श्रेणीत अपुरे पडत होते. ज्यांनी बालपणापासून टिपणांची भाषा आत्मसात केली होती, असे चालक तेथे समोर होते.

मग दुसऱ्या श्रेणीतील त्या हंगामाने कुबित्साला काय दिले? मोडलेल्या हातानेही वेगवान मोटार हाकता येते, हे त्या सात रॅलींनी त्याला स्वतःला आणि जगाला दाखवून दिले. ही खात्री पुढे उपयोगी पडली. २०१९ साली, अपघाताला आठ वर्षे होऊन गेल्यावर, तो फॉर्म्युला वनच्या त्याच चिंचोळ्या बैठकीत पुन्हा बसला. त्या वर्षी त्याच्या चमूची मोटार सर्वांत मागे पडत असे, तरी जर्मनीतील शर्यतीत त्याने एक गुण मिळवला. जून २०२५ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे चालणारी २४ तासांची प्रख्यात शर्यत त्याने फेरारी मोटारीतून जिंकली. तेथे तिघे चालक आळीपाळीने एकच मोटार चालवतात. ये यीफेई हा चिनी आणि फिल हॅन्सन हा ब्रिटिश चालक त्याचे सोबती होते.

मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाला खालच्या पायरीवर येऊन पुन्हा शिकायला बसणे कठीण जाते. लोक काय म्हणतील, ही शंका त्याला मागे ओढते. कुबित्साने पोर्तुगालमध्ये सहाव्या क्रमांकाचे आठ गुण घेतले आणि तो पुढच्या रॅलीच्या टिपणांना लागला. मोटारीत त्याच्याजवळ एकच बळकट हात होता. पण कानांत बारानचा आवाज होता. "डावे चार, लगेच उजवे दोन," असे तो आवाज सांगे, आणि न दिसलेल्या वळणाकडे तो एक हात विश्वासाने वळत असे.